तुम्ही विचारलंत म्हणून : अंकलिपीतला हत्ती खऱ्या हत्तीसारखा का नसतो?

"मोबाइलवर खराखुरा हत्ती चालताना दिसतो, मग अंकलिपीत अजून ही चितारलेली, सपाट रंगांची चित्रं कशाला? सरळ फोटो छापा ना!" अंकलिप्या, अक्षरपत्ते आणि अंगणवाड्यांच्या बोलक्या भिंती करणाऱ्या आम्हा मंडळींना हा प्रश्न गावोगाव येतो. कधी अंगणवाडीच्या ताई विचारतात, कधी शाळा व्यवस्थापन समितीतले एखादे भाऊ.

हत्ती कसा असतो हे शिकवायला ते चित्र नसतंच मुळी. ते पाहताक्षणी पोराच्या तोंडून 'हत्ती' हा एकच शब्द निघावा आणि त्यातला 'ह' त्याच्या कानावर पडावा, एवढंच त्याचं काम. फोटोत हत्तीसोबत माहूत येतो, साखळी येते, मागचं झाड येतं. पोरगं 'झाड' म्हणालं तर त्याचं काही चुकलं नाही, पण 'ह' हातचा गेला. चितारणारा हे सगळं काढून टाकतो. उरतात सोंड, कान, सुळा आणि जाडजूड पाय. सुरकुत्या काढल्या नाहीत तरी बिघडत नाही; कान लहान काढला की मात्र हत्तीचा डुक्कर होतो.

दुसरं कारण अक्षराशी जोडलेलं आहे. अक्षर म्हणजेही रेघेने काढलेला आकारच. शेजारचं चित्रही ठळक रेघेचं असलं, की चित्रावरून अक्षरावर जाताना नजर अडखळत नाही. फोटोशेजारी छापलेलं अक्षर खालच्या मजकुरासारखं दिसतं, आणि वाचता न येणारं मूल मजकूर सोडूनच देतं. अक्षर ३ सेंटिमीटर उंच आणि त्याची रेघ ५ मिलिमीटर जाड असेल, तर चित्राची रेघ दीड ते दोन मिलिमीटर ठेवावी. याहून जाड केली की चित्र अक्षराला खाऊन टाकतं.

नुसत्या रेघांचं चित्र लहानग्याला कळतं का, हीसुद्धा शंका असते. ज्युलियन हॉकबर्ग आणि व्हर्जिनिया ब्रुक्स या मानसशास्त्रज्ञांनी १९६२ साली एक प्रयोग प्रसिद्ध केला. एका मुलाला सुमारे १९ महिन्यांचा होईपर्यंत चित्रांपासून शक्य तितकं लांब ठेवलं होतं. वस्तूंची नावं त्याला खऱ्या वस्तूंवरूनच कळली होती. मग रेखाचित्रं समोर ठेवली, तर ती त्याने ओळखली.

पण साधं चित्र म्हणजे गोल काढून त्याला डोळे लावणं नव्हे. हल्लीच्या बाजारू अंकलिप्यांत नळालाही डोळे असतात आणि ढगही हसतो. चेहरा दिसला की मुलाची नजर आधी चेहऱ्यावर जाते, मग नळाचं नाव 'बाहुली' होतं. ससा, उंदीर, मांजर यांची एकाच साच्यातली डोकी काढून नुसते कान बदलले, तर मोठ्यांनाही खालचा शब्द वाचून प्राणी ठरवावा लागतो.

'ब'साठी आम्हाला बदकापेक्षा बगळा बरा वाटतो. वखरामागे, म्हणजे शेत मशागतीच्या बैलांनी ओढायच्या अवजारामागे, किडे टिपत फिरणारा बगळा इथल्या, विदर्भातल्या पोरांच्या ओळखीचा. तो बाजूने काढायचा. मान बाकदार आणि लांब, चोच सरळ आणि टोकदार, पाय काटकुळे, डोळा म्हणून एक ठिपका. मान आखूड झाली की हमखास 'कोंबडी' ऐकू येतं. डोक्यावर तुरा काढायचा मोह टाळा, नाहीतर मोर होतो. आणि पांढऱ्या कागदावर पांढरा पक्षी हरवतो, म्हणून मागे एकाच हिरव्या रंगाचा सपाट पट्टा द्यावा. त्या पट्ट्यात गवत, ढेकळं, बैल काहीही नको.

निम्मी लढाई मात्र चित्र काढायच्या आधीच, शब्द निवडताना होते. पहिलं अक्षर कोरं हवं, त्यावर काना-मात्रा नको. ताडोबाच्या बाजूला 'व'ला वाघच हवा असा आग्रह असतो, पण 'वा' म्हणजे 'व' नव्हे. वाघोबांनी बाराखडीच्या पानावर जावं. 'व'ला वखर उत्तम. मात्र बाजूने काढलेला वखर आणि डवरा (उभ्या पिकातलं तण काढायचं अवजार) सारखेच दिसतात. म्हणून वखर थोडा समोरून काढून त्याची रुंद पास (लोखंडी पातं) दाखवावी, आणि 'ड'ला डवरा घ्यायचाच असेल तर तो पऱ्हाटीच्या (कपाशीच्या) दोन तासांमध्ये, म्हणजे ओळींमध्ये दाखवावा. सोपा मार्ग म्हणजे 'ड'ला डमरू ठेवावा.

शिवाय वस्तूचं गावात चालणारं नावच चालतं. 'ट'ला टरबूज आपल्याकडे छान जमतं, पुण्याकडचं मूल तेच चित्र पाहून कलिंगड म्हणेल. 'ए'च्या एडक्याला सगळीकडे 'मेंढा' हेच उत्तर येतं, शिंगं कितीही वळवा. शासनाने २००९ साली ॲ आणि ऑ हे स्वर वर्णमालेत घेतले. त्यातल्या 'ऑ'ला ऑटो आहेच. 'ॲ'चं सफरचंद मात्र फसतं, कारण गावातलं पोरगं 'सेब' म्हणतं आणि कॉन्व्हेंटमधलं 'ॲपल'. 'ळ'ने शब्द सुरू होत नाही. त्याला 'फळ' देऊ नये, चित्र आंब्याचं निघतं आणि मूल आंबाच म्हणतं. 'न'ला नथ दिली की नळ 'ळ'साठी मोकळा होतो. शब्दातला 'ळ' तेवढा लाल छापावा. पळसाला पानं तीनच, त्यामुळे तो चितारायला सोपा वाटतो, पण उत्तर 'पान' किंवा 'फूल' येतं. 'प'चा पतंग बदलू नका.

चित्र पक्कं करण्याआधी त्याचा आकार आतून पूर्ण काळा भरून आठ-दहा मुलांना एकेकट्याने, दोन सेकंद दाखवावा. सात-आठ जणांनी एकच शब्द सांगितला तर चित्र पास. सगळ्यांची उत्तरं वेगवेगळी आली तर चित्र बदला. सगळ्यांनी मिळून एकच, पण चुकीचा शब्द सांगितला तर चित्र ठीक आहे, शब्द बदला.

छपाईत काळी रेघ फक्त काळ्या शाईची हवी. ती चार रंग मिसळून केली आणि प्लेट केसभर सरकली, की रेघेला लाल-निळी किनार येते. याउलट, रंगांच्या हद्दीवर एक मिलिमीटरहून जाड काळी रेघ असली, की सरकलेला रंग तिच्याखाली झाकला जातो. ७० जीएसएमच्या (चौरस मीटरला ७० ग्रॅम भरणाऱ्या) पातळ कागदावर मागच्या पानाचा हत्ती पुढच्या पानावर डोकावतो, निदान ९० घ्यावा.

भिंतीवर पावसाळ्यात खालून ओल चढून ऑइलपेंटचे पापुद्रे सुटतात, म्हणून चित्रं जमिनीपासून दोन फुटांच्या वर आणि चार फुटांच्या आत असावीत. मुलाचे डोळे साधारण तीन फुटांवर असतात. छताजवळची वर्णमाला फक्त पाहुण्यांना दिसते. बाहेरच्या भिंतीवर आपल्याकडच्या उन्हात लाल-पिवळा रंग आधी उडतो, काळा टिकतो. म्हणून नुसत्या काळ्या रेघेतही चित्र ओळखू येतं का, हे पेंटरने रंग भरण्याआधी पाहावं.

फोटो वाईट असतात असं नाही. पॅट्रिशिया गॅनिया आणि सहकाऱ्यांच्या २००८ सालच्या अभ्यासात सव्वा ते दीड वर्षाच्या मुलांना पुस्तकातल्या अनोळखी वस्तूचं नाव प्रत्यक्ष वस्तूला लावणं कार्टूनपेक्षा फोटोवरून सोपं गेलं. इथल्या मुलाला जहाज म्हणजे काय ते सांगायचं असेल तर फोटोच दाखवा. पण मग 'ज'ला जहाज घेऊ नका, पाण्याचा जग घ्या. उघडझाप करायच्या खिडक्या आणि ओढायच्या पट्ट्या असलेल्या महागड्या पुस्तकांचं मात्र आम्हाला कौतुक नाही. सिंथिया चिआँग आणि ज्युडी डीलोच यांना अशा पुस्तकांतून मुलं साध्या पुस्तकापेक्षा कमी अक्षरं शिकताना आढळली. पोरगं पट्टी ओढण्यातच रमतं.

फोटोंचा तक्ता आधीच घेतला असेल तर फेकू नका. फोटोवर ट्रेसिंग पेपर ठेवून जाड मार्करने फक्त बाहेरची कड आणि ओळख पटवणाऱ्या दोन-तीन खुणा गिरवा, तीनच सपाट रंग भरा, कापून फोटोवरच चिकटवा. सुरुवात मुलं अडतात त्या अक्षरांपासून करा. बाकीचे फोटो तसेच राहिले तरी चालतं.