५४ नावं

दरवर्षी १६ डिसेंबरला ढाक्याचा तो फोटो सगळीकडे फिरतो. पाकिस्तानचे जनरल नियाझी शरणागतीवर सही करताहेत, शेजारी आपले जनरल अरोरा. अभिमान मलाही वाटतो. पण त्या दिवशी मला आधी आठवतात त्या युद्धातून परत न आलेले आपले ५४ बेपत्ता सैनिक, आणि त्यांतले फ्लाइट लेफ्टनंट विजय वसंत तांबे.

१९७१च्या युद्धात त्यांचं सुखोई विमान पाकिस्तानात पडलं. लढाई चालू असतानाच तिकडच्या वृत्तपत्रात पकडलेल्या भारतीय वैमानिकांची बातमी छापून आली, त्यात एक नाव ‘टोंबे’ होतं. त्यांच्या पत्नी दमयंती तांबे राष्ट्रीय विजेत्या बॅडमिंटनपटू, अर्जुन पुरस्कार मिळालेल्या. लग्नाला दोन वर्षंही झाली नव्हती. मी मुलींना बॅडमिंटन शिकवते, त्यामुळे त्यांचं नाव आधी खेळामुळे माहीत होतं. बाकीचं नंतर वाचलं आणि कितीतरी रात्री झोप लागली नाही. २००७ मध्ये त्या इतर कुटुंबीयांबरोबर पाकिस्तानातल्या तुरुंगांत नवऱ्याचा शोध घ्यायला गेल्या. पस्तीस वर्षांनी! हाती काही लागलं नाही.

आणि हे एकच घर नाही. ‘टाइम’ साप्ताहिकाच्या २७ डिसेंबर १९७१च्या अंकात गजांआड दिसणारा माणूस म्हणजे आपला मेजर ए. के. घोष, असं घरच्यांनी ओळखलं. मेजर अशोक सुरींना लष्कराने आधी मृत ठरवलं होतं. मग वडिलांच्या हाती त्यांच्या अक्षरातलं पत्र पडलं, पुढे १९७५ मध्ये आणखी एक, थेट कराचीहून. अक्षर तपासून घेतलं, ते मुलाचंच निघालं. मग कागदावर ‘मृत’च्या जागी ‘बेपत्ता’ आलं. त्या बापाने पुढे जेवणाचा घास कसा गिळला असेल?

आपल्या ताब्यात तेव्हा पाकिस्तानचे ९३ हजार युद्धकैदी होते. ते सगळे परत गेले. आपल्या ५४ जणांचा हिशेब त्याच वेळी, त्याच टेबलावर मागायला हवा होता, असं माझं ठाम मत आहे. त्यांची यादी संसदेत आली १९७९ मध्ये. पाकिस्तान म्हणतं, आमच्याकडे कुणी नाही.

सात वर्षं पत्ता लागला नाही की कायदा माणसाला मेलेला मानू शकतो. घरचे कसे मानणार? श्राद्ध घालावं तर जिवंत माणसाचं घातल्याचं पाप, न घालावं तर लोक विचारणार. कुंकू लावलं तरी बोलणी, पुसलं तरी बोलणी.

यंदा तुमच्या शाळेत, सोसायटीत विजय दिवस असेल तर ही ५४ नावं हुद्द्यासकट मोठ्याने वाचा. पाच-सात मिनिटं लागतील. भाषण थोडं कमी करा.