तुम्ही विचारलंत म्हणून: आधी टाकीच का उतरवायची?

"कार्ब्युरेटर साफ केला, नवा पंप बसवला, ताजं पेट्रोल टाकलं. मग आता टाकी कशाला उतरवायची?" दहा-पंधरा वर्षं उभी राहिलेली पिकअप चालती करायला घेतलेला जवळजवळ प्रत्येक जण मला हे विचारतो. मी एका वाक्यात उत्तर देतो, आणि समोरच्याला तो आडमुठेपणा वाटतो. म्हणून एकदा सविस्तर लिहितो. कार्ब्युरेटर पेट्रोल आणि हवा मिसळून इंजिनला देतो, पंप त्याला टाकीतून पेट्रोल आणून देतो आणि फ्लोट म्हणजे तरंगता गोळा त्याच्या भांड्यातली पातळी राखतो; एवढं धरून पुढे जातो.

कचरा पेट्रोलबरोबर पुढेच जातो. पुढचे भाग कितीही स्वच्छ केले, तरी टाकीत जे आहे ते आज ना उद्या तिथे पोचणारच. कार्ब्युरेटरचं काम शेवटी करायचं ते यासाठी. तो आधी उघडून बसवणाऱ्याला तो पुन्हा उघडावा लागतो, आणि किटमधली गॅस्केटं दुसऱ्यांदा नीट बसत नाहीत.

उभ्या गाडीच्या टाकीत तीन निरनिराळ्या गोष्टी साठलेल्या असतात आणि तिन्हींवर एकच औषध चालत नाही. पेट्रोल हवेशी संयोग पावून आधी डिंकासारखं चिकट होतं आणि मग वाळून लाखेसारखा कडक थर धरतं. त्याला आंबूस वास येतो, तो एकदा घेतला की विसरत नाही. दुसरा गंज. तो बहुधा टाकीच्या छताला जास्त असतो, कारण तिथे पेट्रोल पोचत नाही आणि दमट हवा थंड पत्र्यावर पाणी सोडते. तिसरं पाणी, तळाशी. १० टक्के इथेनॉल असलेलं पेट्रोल साधारण अर्धा टक्का पाणी सामावून घेतं. ६० लिटरच्या भरलेल्या टाकीत हे जेमतेम ३०० मिलिलिटर होतं. त्यापुढे इथेनॉल आणि पाणी मिळून वेगळा थर होतो आणि तळाशी बसतो, म्हणजे नेमका जिथून पंप ओढतो तिथे. वरून ताजं पेट्रोल ओतल्याने यातलं काहीच निघत नाही. उलट त्यातलं इथेनॉल जुना थर थोडा थोडा सैल करून पुढे पाठवतं.

टाकी उतरवताना बॅटरीची वायर आधी काढा, काम उघड्यावर करा. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते, जमिनीलगत पसरते आणि शून्याखाली ४० अंशांतही पेटू शकते. रिकामी टाकी भरलेल्या टाकीपेक्षा धोक्याची, कारण तिच्यात वाफ आणि हवा दोन्ही असतात. "धुतली आहे, आता वेल्डिंग करायला हरकत नाही" असं कुणी म्हणालं तर तिथून निघून या. काही जुन्या पिकअपमध्ये, उदाहरणार्थ १९७२पर्यंतच्या शेव्हरोले सी-१०मध्ये, टाकी केबिनमध्ये सीटच्या मागे असते; तिथे तर सीट काढून, दारं सताड उघडी ठेवूनच हात घालायचा.

आता तो प्रसंग सांगतो, ज्यामुळे मी या बाबतीत हट्टी झालो.

एक पिकअप सगळे सोपस्कार करून तयार झाली होती. टाकी उतरवलेली, आम्लाने धुतलेली, गंज धरू नये म्हणून आतून लेप दिलेली. नवे होज, नवा पंप, नवं कार्ब्युरेटर किट. उभी असताना गाडी सुरेख चालायची, सपाटीवरही. चढावर तीन-चार मिनिटं पूर्ण रेस दिली की धक्के खायची आणि बंद पडायची. दोन मिनिटं थांबून सेल्फ मारला की जणू काही झालंच नाही अशी सुरू व्हायची.

संशय आधी टाकीच्या झाकणावर गेला. झाकणाचं हवेचं भोक बुजलं तर टाकीत पोकळी तयार होते आणि गाडी अशीच पडते; तेव्हा झाकण उघडलं की फुस्स आवाज येतो. आवाज आला नाही, तरी झाकण बदललं. मग गरम होऊन बिघडणारी, ठिणगीसाठीची कॉइल असेल म्हणून कॉइल आणि कंडेन्सर बदलले. मग पाइपात पेट्रोलची वाफ होत असेल म्हणून सायलेन्सरजवळून जाणारा पाइप लांबून फिरवला. पंप पुन्हा मोजला: कार्ब्युरेटरकडचा होज सोडून लांब बाटलीत घातला आणि कार्ब्युरेटरच्या भांड्यात उरलेल्या पेट्रोलवर इंजिन आयडलिंगला चालू ठेवलं, तर ३० सेकंदांत अर्धा लिटर. अगदी हवं तेवढं. फिल्टर प्रत्येक वेळी स्वच्छ, आणि त्या स्वच्छ फिल्टरनेच सगळ्यात जास्त फसवलं. कचरा असता तर फिल्टरमध्ये दिसला असता, असं मी स्वतःला सांगत राहिलो. कार्ब्युरेटर तीनदा उघडला गेला.

शेवटी पंपाच्या आधी, ओढणाऱ्या पाइपावर, तीन तोंडांचा जोड (टी) लावून व्हॅक्यूम गेज, म्हणजे ओढ मोजणारा काटा, बसवला आणि तो काचेला बाहेरून टेपने चिकटवला. केबिनमध्ये पेट्रोलशी जोडलेला पाइप आणायचा नाही, म्हणून बाहेरून. सपाटीवर काटा दोन इंचाच्या (पाऱ्याच्या) आत. चढ लागला आणि तो सरकायला लागला: चार, सात, बारा, आणि इंजिन बंद. उभं राहिल्यावर मिनिटभरात शून्यावर. पंप ओढत होता आणि मागून काही येत नव्हतं, हे पहिल्यांदा डोळ्यांनी दिसलं.

पाइपातून उलटी हवा मारली, टाकीत बुडबुड झाली आणि त्या दिवशी गाडी चढावर छान चालली. त्यानेही फसवलं. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच.

टाकी उतरवली. टाकीतली पेट्रोलची पातळी दाखवणारं फ्लोटचं युनिट बाहेर काढलं, त्यातल्या ओढणाऱ्या नळीच्या टोकाची जाळी स्वच्छ. भोकातून छोटा कॅमेरा घातला तेव्हा तळाशी तळहाताएवढा लेपाचा पापुद्रा दिसला. एका कडेने चिकटलेला, बाकी सुटा. मंद प्रवाहात तो तळाशी पडून राहायचा. चढावर पेट्रोल मागे जायचं, प्रवाह वाढायचा, पापुद्रा उठायचा आणि जाळीवर झाकणासारखा बसायचा. इंजिन बंद पडलं की ओढ संपायची आणि तो परत खाली. जाळीतून तो जाऊच शकत नव्हता, मग फिल्टरमध्ये दिसणार कुठून?

तो लेप मीच लावला होता.

लेप लावण्याआधीचा मी आज समोर बसला तर काय म्हणेल ते मला पाठ आहे. टाकी आतून चकाकत होती. उघडा पत्रा पुन्हा गंजतो, म्हणून लेप. यात चूक काय? चूक क्रमात होती. आम्ल गंज खातं, लाखेचा थर खात नाही. मी चिकट थर पूर्ण न काढताच आम्ल ओतलं. उघडा पत्रा लख्ख झाला, आणि तळाचा एक तपकिरी पट्टा मी डाग समजून सोडला. त्या थराखाली गंज जिवंत होता. त्यावर लेप दिला, तोही एका जागी साचून जाड झाला. कडेने इथेनॉल शिरलं आणि लेप सुटला.

म्हणून क्रम असा धरतो. आधी जुनं पेट्रोल उपसायचं. मग ॲसिटोन किंवा थिनर टाकून टाकी कुशीवर, उताणी, पालथी करत एकेक रात्र ठेवायची, निघणारा द्रव चहासारखा तपकिरी यायचा थांबेपर्यंत. मग गरम पाणी आणि साबण. पाणी पत्र्यावर थेंबांत न फुटता सपाट पसरलं तर चिकटपणा गेला असं समजायचं. मगच सायट्रिक ॲसिड, लिटरला ५० ग्रॅम, म्हणजे ६० लिटरच्या टाकीला तीन किलो. टाकी काठोकाठ भरायची, कारण गंज छताला आहे. दर काही तासांनी बघायचं, चोवीस तासांपलीकडे ठेवायचं नाही. पापुद्रे सुटत नसतील तर आत साखळी टाकून हलवायचं. मोजून टाकायची, मोजून काढायची. पुष्कळ जुन्या टाक्यांच्या पत्र्यावर शिसं-कथलाचा मुलामा असतो, तो आम्लाने थोडा जातोच. ते धुतलेलं पाणी गटारात सोडायचं नाही. शेवटी खाण्याच्या सोड्याच्या पाण्याने धुवून लगेच स्पिरिट फिरवायचं आणि गरम हवेने वाळवायचं. इथे अर्धा तास जेवायला गेलात तर परत येईपर्यंत नारिंगी थर धरलेला असतो.

गंज काढायला वीज वापरणाऱ्यांसाठी एवढंच: धुण्याच्या सोड्याच्या पाण्यात स्टेनलेस स्टीलची सळई लावू नका, त्यातून विषारी क्रोमियम सुटतं. साधं लोखंड लावा, आणि निघणारा हायड्रोजन बाहेर जाऊ द्या.

पाइपांबद्दल थोडक्यात. "कुठे गळत नाही, म्हणजे पाइप ठीक आहेत," हे मला ऐकवत नाही. टाकीपासून पंपापर्यंतच्या पाइपात दाब नसतो, ओढ असते. तिथली चीर पेट्रोल बाहेर टाकण्याऐवजी हवा आत घेते. ठिपकाही पडत नाही आणि गाडी मात्र रिकाम्या टाकीसारखी वागते. म्हणून टाकीजवळचे दोन वीतभर होज न बघता बदलायचे. कार्ब्युरेटरच्या गाडीला होजवर ३०आर७ हा दर्जा छापलेला हवा, आणि टाकीच्या आत पेट्रोलात बुडणाऱ्या तुकड्याला ३०आर१०. बाहेरचा होज आत घातला तर तो बाहेरून फुगतो आणि सोलतो. लोखंडी पाइप गंजला असेल तर तांबे-निकेलचा घ्या, हाताने वळतो. शुद्ध तांब्याचा नको, हादऱ्यांनी कडक होऊन तडकतो. टोकांना दुहेरी फ्लेअर (दुमडून पसरट केलेली कड), आणि होज जिथे चढतो तिथे फुगीर कडा, नाहीतर क्लिप आवळूनही हवा घेतो.

पंप जुना असेल तर ऑइलची पट्टी काढून वास घ्या. पातळी वाढलेली आणि पेट्रोलचा वास असेल तर पंपातला डायफ्राम (रबरी पडदा) फाटला आहे. ऑइल बदलेपर्यंत इंजिन फिरवू नका. कार्ब्युरेटरमध्ये फ्लोट बुचाचा असेल तर तो ठेवू नका. जुन्या फ्लोटवर बहुधा लाखेचं रोगण असतं आणि इथेनॉल लाख विरघळवतं. फ्लोट पेट्रोल पिऊन बसतो आणि पेट्रोल अडवणारी नीडल बंदच होत नाही.

राहिला लेपाचा प्रश्न. त्या टाकीचा लेप काढायला तीन वेळा तीव्र रिमूव्हर लागला, आणि ती आज लेपाशिवाय आहे. ती भरलेली ठेवावी लागते, हाच तिचा गंजावरचा उपाय. त्यानंतर काही काळ मी सगळ्यांना सांगत होतो की लेप कधीच लावू नका. तेही आज तितक्या ठामपणे सांगवत नाही. मूळ टाकी बाजारात मिळत नाही, पत्र्याला सुईएवढी भोकं आहेत, अशा वेळी काय करायचं? आत्ता माझ्या बाकावर अशीच एक टाकी आहे. टाकी धरणाऱ्या पट्ट्यांखालच्या फेल्टने पाणी धरून ठेवलं आणि पत्रा बाहेरून खाल्ला. चार भोकं, सगळी एका रेषेत. कथलाचा डाग देऊन भोकं बुजवायची तर पत्रा कागदासारखा झालेला, तांबं तापवून टेकवलं की भोक मोठं होतं. लेप द्यायचा तर तळाशी तोच तपकिरी पट्टा, थिनरच्या चार रात्रींनंतरही थोडा उरलेला. पाचवी रात्र आज आहे. उद्या पाणी पत्र्यावर कसं पसरतं ते बघून ठरवीन.