सरांनी हातात दिलेला तांब्या

शाळेच्या अमृतमहोत्सवाचे निमंत्रण आणि त्यासोबत ‘स्मरणिकेसाठी मनोगत पाठवावे’ ही समितीची सूचना हाती आली, तेव्हा बोर्डिंग, चॅपल, मैदान यांविषयी लिहावे असे मनात होते. पण लिहायला बसलो आणि सरांखेरीज दुसरे काही सुचेना. त्यांचे नाव मी लिहीत नाही. आमच्या पिढीला नुसते ‘सर’ एवढे पुरते, आणि स्वतःचे नाव छापून आलेले त्यांना रुचलेही नसते.

मी जन्माने ख्रिस्ती. रविवारची उपासना आणि नाताळच्या करंज्या या दोन्ही गोष्टी घरात सारख्याच सवयीच्या होत्या, आणि श्रद्धा म्हणून वेगळे काही असते याची मला जाणीव नव्हती. आपले नगर (आता अहिल्यानगर, पण माझ्या जिभेला ते वळण अजून पडायचे आहे) म्हणजे 1895 साली बाप्तिस्मा घेतलेल्या रेव्हरंड ना. वा. टिळकांची कर्मभूमी. सर पेटीवर टिळकांची भजने अशी म्हणत की वारकरी घरांतली मुलेही आपण होऊन टाळ उचलत. मी मात्र मागच्या बाकावर बसून घंटेची वाट पाहत असे.

नववीत असताना बायबलच्या तासाला योहानाच्या शुभवर्तमानाचा तेरावा अध्याय चालू होता, ज्यात प्रभू येशू कमरेला रुमाल गुंडाळून शिष्यांचे पाय धुतो. सरांनी त्यावर काहीच विवेचन केले नाही. शाळा सुटल्यावर त्यांनी मला हाक मारली, बोर्डिंगच्या स्वयंपाकघरामागे नेले आणि कोमट पाण्याचा तांब्या माझ्या हातात दिला. तिथे बागेत काम करणारे माळीबाबा परातीत पाय सोडून बसले होते. त्यांचा कुष्ठरोग औषधांनी केव्हाच बरा झाला होता, मात्र तळपायांची संवेदना कायमची गेली होती. पाय चांगले भिजल्यावर सरांनी वजरीने टाचेची राठ कातडी हलक्या हाताने घासली, बोटांच्या बेचक्या तपासल्या, आणि अंगठ्याखाली रुतलेला बाभळीचा अख्खा काटा काढून माझ्यासमोर धरला. बाबा तो काटा पायात घेऊन दिवसभर झाडांना पाणी घालत हिंडले होते. काटा पाहून ते नुसते हसले आणि ‘असा कधी रुतला रे हा?’ असे मलाच विचारू लागले. सरांनी ओल्या पायांना खोबरेल चोळले, ‘पाणी टाकून ये’ म्हणाले, आणि त्या दिवसाचा पाठ तिथे संपला.

प्रश्न मीच विचारले, तेही पुढच्या आठवड्यांत, कारण तांब्या धरण्याचे काम आता माझ्याकडेच आले होते. 1946 साली तमिळनाडूतल्या वेल्लोरला आलेल्या इंग्रज शल्यचिकित्सक डॉ. पॉल ब्रँड यांची हकीकत मला तेव्हा कळली. कुष्ठरोगात बोटे आपोआप झडतात ही समजूत त्यांनी मोडून काढली. मज्जातंतू बधिर झाल्याने भाजलेले, कापलेले कळत नाही आणि दुर्लक्षित जखमांनी अवयव जातात, हे त्यांनी दाखवून दिले. रात्रीतून काही रुग्णांच्या बोटांचे तुकडे नाहीसे होत, कारण झोपेत उंदीर कुरतडत आणि रुग्णांना जाग येत नसे. त्यावर मांजरी पाळण्याचा उपाय निघाला. हे ऐकून मी त्या रात्री जेवलो नाही. ‘देवाने मला कशासाठी घडवले, हे कसे ओळखायचे?’ असे मी सरांना एकदा मोठ्या गांभीर्याने विचारले होते. ‘आधी बाबांच्या डाव्या टाचेची भेग बघ,’ एवढेच ते म्हणाले.

देवाचे पाचारण, म्हणजे त्याने एखाद्या कामासाठी बोलावणे, हे आकाशवाणीसारखे ऐकू येते, अशी माझी कल्पना होती. तसे काही झाले नाही. प्रार्थना करावीशी वाटू लागली ती मात्र त्या परातीपाशी, आणि पहिली प्रार्थना माझ्यासाठी नव्हती, बाबांच्या भेगेसाठी होती. पुढे मी फिजिओथेरपी शिकलो आणि आज बधिर पायांसाठी चपला बनवणारा छोटा विभाग सांभाळतो. आत मऊ मायक्रोसेल्युलर रबर, खाली कडक तळ, आणि खिळा एकही नाही, कारण वर आलेला खिळा त्या पायांना कळणार नाही. अलीकडे आमच्याकडे कुष्ठरोग्यांपेक्षा मधुमेहाचे रुग्णच अधिक येतात. पाय बधिर होण्याचा आणि नकळत जखम चिघळण्याचा प्रकार त्यांच्यातही तोच आहे. गेल्या वर्षी या कामासाठी माझा सत्कार झाला. भाषणात मी माळीबाबांचे नाव घेतले, तेव्हा सूत्रसंचालकांना ते कुणी मोठे डॉक्टर वाटले.

बोर्डिंग बंद झाल्याचे आणि तिथे आता संगणक कक्ष असल्याचे निमंत्रणासोबतच्या पत्रकात वाचले. संगणक हवेतच, पण मुले राहायला होती म्हणूनच शाळा सुटल्यानंतरची ती संध्याकाळ सरांच्या हाती लागत होती, आणि माझे खरे शिक्षण त्याच वेळेत झाले. वेळापत्रकात तशी जागा आता कुठे उरली असेल, असे वाटत नाही. म्हणून मुख्याध्यापकांना एक विनंती आहे: दरवर्षी नववीच्या मुलामुलींना, मग ती कोणत्याही धर्माची असोत, एका शनिवारी आमच्या विभागात पाठवावे. येण्याजाण्याचा आणि जेवणाचा खर्च मी करीन. भाषण होणार नाही, पाय भिजवण्याचे पाणी मात्र मुलांनाच भरावे लागेल.