सुई हलली का? थंड हवेतल्या पामाची रोजनिशी

मार्च, शेवटचा आठवडा

हिवाळा सरल्यावर आधी झावळ्यांकडे बघू नये. करपलेली पानं बघून मन खट्टू होतं आणि त्यातून फारसं काही कळतही नाही. बघायची ती सुई. खोडाच्या अगदी मध्यातून वर आलेलं, अजून न उलगडलेलं पान. माडाच्या बाबतीत जो शब्द आहे तोच इथेही चालतो. दोन बोटांत धरून हलकेच वर ओढावी. घट्ट लागली, घड्यांच्या आत हिरवी दिसली, तर बाकी सगळी पानं तपकिरी झाली असली तरी झाड जगलंय. अलगद हातात आली आणि बुडाशी बुळबुळीत, आंबूस वासाची निघाली, तर कोंब कुजायला लागलाय.

इतर बरीचशी झाडं छाटली की खालून फुटतात. पामाला ती सोय नाही. एका खोडाला वाढीचा एकच बिंदू, तोही झावळ्यांच्या गराड्यात खोल दडलेला. तो मेला की ते खोड संपलं. सुईचं बूड या बिंदूला लागूनच असतं आणि अख्ख्या झाडात तेच सगळ्यात कोवळं, पाणीदार. गोठण्याचा घाव तिथे बसतो, पण झाड त्या रात्री मरत नाही. मेलेल्या पेशींमध्ये पुढच्या ओल्या, हळूहळू उबदार होत जाणाऱ्या आठवड्यांत बुरशी आणि जिवाणू शिरतात आणि सड खाली उतरत जाते. म्हणून जानेवारीतला घाव एप्रिलमध्ये दिसतो. आणि म्हणूनच काही करायला मधे वेळही मिळतो.

सुई निघून आली तर आतला सडका गाळ चमच्याने, कापसाने काढून टाकावा. मग ३ टक्क्यांचं हायड्रोजन पेरॉक्साइड त्या पोकळीत ओतावं. फेस येतो, पण तो निरोगी पेशींवरही येतो, त्यामुळे त्यावरून रोगाचा अंदाज बांधू नये. पोकळी पूर्ण कोरडी झाली की कॉपर ऑक्सिक्लोराइड, लिटरला अडीच ग्रॅम, एकदाच. दर आठवड्याला तांबं ओतत राहिलं तर ते कोंबालाच बाधतं. यापेक्षा मोठं काम म्हणजे पाऊस आत जाऊ न देणं. शेंड्यावर छोटं छप्पर करावं, बाजू मोकळ्या ठेवाव्यात. मग थांबावं. भर उन्हाळा उलटेपर्यंत झाड उपटायचा विचारही करू नये. पोकळीतून पहिलं पान अर्धवट, टोकं कापल्यासारखं, चुरगळलेलं येतं. ते शुभचिन्ह आहे. त्यामागची दोन-तीन पानं आली की आकार सुधारतो.

वाढ सुरू झाली का हे डोळ्यांनी ठरवता येत नाही. न पुसणाऱ्या पेनाने सुईवर आणि तिला खेटून असलेल्या जुन्या पानाच्या देठावर एकाच पातळीत आडवी रेघ मारावी. जुना देठ हलत नाही, सुई हलते. आठवड्याने दोन रेघांमध्ये अंतर पडलेलं दिसलं, अगदी ३ मिलिमीटर का असेना, तर कोंब जिवंत आहे. या साध्या रेघेने कितीतरी झाडं घाईच्या कुदळीतून वाचू शकतात.

एप्रिल

कोणता पाम लावावा, याचं उत्तर फक्त तापमानाच्या आकड्यात शोधलं की फसायला होतं.

नीडल पाम, म्हणजे ऱ्हॅपिडोफायलम हिस्ट्रिक्स, हा सगळ्यांत काटक. रुजलेलं, वयात आलेलं झाड उणे २० अंशांच्या आसपासची थंडी सोसतं. सबल मायनर त्याच्या जवळपास पोचतो, कारण त्याचं खोड आणि वाढीचा बिंदू बहुतेक वेळा जमिनीखालीच असतो. दोघेही अमेरिकेच्या आग्नेय भागातले, जिथे उन्हाळा लांब आणि घामट असतो. त्यांना सौम्य, ढगाळ उन्हाळ्याच्या जागी नेलं तर वर्षाकाठी एखाद-दुसरं पान येतं, हिवाळ्यातली हानि भरून निघत नाही आणि दरवर्षी झाड थोडं थोडं लहान होत जातं. काटकपणा हिवाळ्यात दिसत असला तरी त्याची शिदोरी उन्हाळ्यात बांधली जाते. उन्हात साठवलेली साखर आणि पिष्ट हीच ती शिदोरी.

सौम्य उन्हाळ्यातही चालणारा म्हणजे ट्रॅकीकार्पस फॉर्च्युनी, पवनचक्की पाम. वाढता राहायला त्याला फार उष्णता लागत नाही, म्हणूनच थंड प्रदेशांतल्या बागांमध्ये तोच जास्त दिसतो. मोठं झाड उणे १५ अंशांच्या आसपास तग धरतं. जर्मन वैद्य आणि वनस्पती-अभ्यासक झिबोल्टने जपानहून याचं बी १८३० मध्ये युरोपात नेलं. स्कॉटिश वनस्पती-संग्राहक रॉबर्ट फॉर्च्यूनने चीनच्या चौशान बेटावर तो पाहिला आणि १८४९ मध्ये रोपं इंग्लंडला धाडली, त्याच्याच नावावरून प्रजातीचं नाव पडलं. चीनमध्ये याच्या खोडावरच्या काथ्यापासून दोर आणि इरल्यासारखी पावसाळी पांघरुणं होत आली आहेत. हा काथ्या शोभेसाठी सोलून खोड गुळगुळीत करायची पद्धत आहे. थंड जागी ते करू नये, खोडाचं अंगचं पांघरूण जातं.

वारा जोराचा असेल तर ट्रॅकीकार्पसचाच वॅग्नेरियानस हा प्रकार बरा. त्याची पानं छोटी, ताठ, चामड्यासारखी, फाटत नाहीत. मोठ्या पानांच्या झाडाच्या वाऱ्यात चिंध्या होतात.

कुमाऊँच्या डोंगरातला ट्रॅकीकार्पस टाकिल हा मनाच्या जवळचा. सुमारे २००० मीटरच्या वर, बर्फ पडणाऱ्या ओकच्या रानात तो वाढतो. इटालियन वनस्पतिशास्त्रज्ञ बेक्कारीने १९०५ मध्ये त्याचं वर्णन केलं. टाकिल म्हणून विकलेली बरीच झाडं पुढे फॉर्च्युनीच निघाली, तेव्हा नावावर जास्त पैसे मोजण्याआधी बी कुठून आलं ते विचारावं.

कॅमेरॉप्स ह्युमिलिस भूमध्य समुद्राकाठचा, उणे १० ते १२ पर्यंत, तोही कोरड्या थंडीत. इटलीतल्या पादुआच्या वनस्पती उद्यानात १५८५ साली लावलेला कॅमेरॉप्स अजून उभा आहे, पण काचघराच्या आत. ब्यूटियाचंही तसंच, ओली थंडी त्याला चालत नाही. दुकानात स्वस्त मिळणारा कॅनरी खजूर खऱ्या थंडीसाठी नाहीच. सायकसला लोक पाम म्हणतात, तो पाम नव्हे, त्याचे नियम वेगळे.

आणखी एक. पवनचक्की पाम काही ठिकाणी फारच रमतो. दक्षिण स्वित्झर्लंडमधल्या तिचिनो भागात पक्ष्यांनी बिया नेऊन तो रानात पसरला आणि १ सप्टेंबर २०२४ पासून त्या देशात त्याची विक्री बंद झाली. शेजारी मोकळं रान असेल तर पिवळे फुलोरे फळं धरण्याआधीच कापावेत. नर-मादी झाडं वेगळी असतात, फळं मादीलाच येतात.

मे, माती तापल्यावर

लावणी आत्ताच, शरद ऋतूत नाही. इतर झाडांना पानगळीच्या सुमारास लावणं मानवतं, पामाला मानवत नाही. त्याच्या नव्या मुळ्या उबदार मातीतच फुटतात. थंड मातीत तो फक्त बसून राहतो, आणि तसा मुळ्यांविना बसलेला पाम पहिल्याच हिवाळ्यात जातो. मातीत एक वीत खोल थर्मामीटर खुपसून बघावं, १८ अंशांच्या वर गेलं की कामाला लागावं.

त्याआधी निचऱ्याची परीक्षा. ३० सेंटिमीटर खोल खड्डा करून पाण्याने भरावा, जिरू द्यावा, पुन्हा भरावा. दुसऱ्यांदा भरलेलं पाणी चार-पाच तासांनीही तसंच असेल तर त्या जागी खड्ड्यात लावूच नये. २० ते ३० सेंटिमीटर उंच, पसरट उंचवटा करून त्यावर लावावं. खड्ड्याच्या तळाशी खडी टाकायची सवय सोडून द्यावी. बारीक मातीतलं पाणी खालच्या मोठ्या पोकळ्यांत सहजी उतरत नाही, वरच अडतं, आणि मुळांभोवती ओल जास्तच साचते. चिकण मातीत थोडी वाळू मिसळणंही वाईट, ती सिमेंटसारखी घट्ट होते.

खड्डा मुळांच्या गड्ड्याच्या दुप्पट रुंद, पण खोली गड्ड्याएवढीच. कुंडीत मातीची जी पातळी होती तीच जमिनीत. आधारासाठी खोल गाडलेला पाम बुडाशी सडतो. गड्डा पिंजू नये, पामाच्या तुटलेल्या मुळ्या बहुधा पुन्हा फुटत नाहीत, बुडातून नव्या यायला वेळ लागतो.

जागा उंचावर हवी. थंड हवा पाण्यासारखी उतारावरून खाली वाहते आणि सखल कोपऱ्यात, बंदिस्त कुंपणाशी साचते. उत्तर गोलार्धात दक्षिणेकडे तोंड असलेली भिंत दिवसाची ऊब रात्री परत देते. भिंतीपासून मीटरभर अंतर ठेवावं, नाहीतर छपराचं पाणी नेमकं शेंड्यात पडतं.

जुलै

आता भरपूर पाणी. पामाला कोरडं आवडतं हा गैरसमज, पाणथळ हिवाळा त्याला नको असतो एवढंच. उन्हाळ्यात आळं करून आठवड्यातून दोनदा खोलवर भिजवावं.

खत हळू विरघळणारं, नत्र ८, स्फुरद २, पालाश १२, मॅग्नेशियम ४ या प्रमाणातलं. झावळ्यांच्या सावलीखाली दर चौरस मीटरला ७० ग्रॅम पसरावं, एकदा मेमध्ये, एकदा आत्ता. यानंतर नाही. उशिरा दिलेल्या नत्राने कोवळी, पाणीदार वाढ होते आणि थंडी तीच आधी उचलते.

जुन्या पानांवर नारिंगी-पिवळे ठिपके आणि करपलेली टोकं म्हणजे पालाश कमी. अशी पानं कुरूप दिसतात म्हणून कापू नयेत. झाड त्यातलाच पालाश ओढून नव्या पानाला देतं, ती कापली की कमतरता पुढच्या पानावर सरकते. कडेला पिवळा पट्टा आणि मध्ये हिरवं म्हणजे मॅग्नेशियम कमी. नवं पानच खुरटं, करपट, कुरळं येत असेल तर मँगनीज. ते थंड किंवा चुनखडीच्या मातीत मुळांना मिळत नाही, म्हणून वसंतात दिसलेलं हे लक्षण माती तापली की कधी कधी आपोआप जातं.

नोव्हेंबर

खरे वैरी दोन: शेंड्यात साचलेलं पाणी आणि गोठलेली जमीन. जमीन गोठली की मुळं पाणी ओढू शकत नाहीत, वरून ऊन आणि वारा पानांतलं पाणी काढत राहतात. झाड बर्फात उभं राहून तहानेने वाळतं. म्हणून गोठण सुरू होण्याआधी एकदा खोल पाणी द्यावं आणि सुक्या पानांचं किंवा सालींचं १०-१५ सेंटिमीटर आच्छादन मीटरभर घेरात पसरावं. खोडाला मात्र ते टेकवू नये, चार बोटं अंतर ठेवावं.

किमान तापमानापेक्षा ते किती वेळ टिकतं याकडे जास्त लक्ष असावं. पहाटे दोन तास उणे १० आणि दुपारी शून्याच्या वर, हे रुजलेला पवनचक्की पाम सोसतो. चार दिवस सलग उणे ६, दुपारीसुद्धा वितळण नाही, हे त्याला जड जातं, कारण थंडी खोडाच्या आत पोचते. कुंडीतल्या पामाला तर याहून आधी धोका. मुळं पानांपेक्षा नाजूक असतात आणि कुंडी चहूबाजूंनी गोठते. ती न तापवलेल्या पण न गोठणाऱ्या खोलीत न्यावी, पाणी अगदी कमी.

जमिनीतल्या झाडाच्या झावळ्या कोरड्या दिवशी, कोरड्या असताना, मऊ दोरीने वर गोळा करून बांधाव्यात. वरून क्रॉप कव्हरचं नॉनवूव्हन कापड, ३० ते ५० जीएसएमचं (चौरस मीटरला तेवढे ग्रॅम वजनाचं), दोन थर. सुईभोवती सुका पेंढा. टोकाला पाऊस अडवणारी टोपी. प्लॅस्टिक पानांना लावू नये, आत घाम धरतो आणि जिथे टेकतं तिथे पान करपतं. फार कडक हिवाळ्याच्या जागी तारेच्या जाळीचा गोल पिंजरा उभारून सुक्या पानांनी भरतात, वर छप्पर. ते छप्पर गळलं तर पिंजऱ्यात खताचा खड्डाच तयार होतो, म्हणून पावसानंतर हात घालून ओल तपासावी.

जानेवारी, उणे १२ चा अंदाज

कापड स्वतः ऊब तयार करत नाही, जमिनीची ऊब फक्त काही अंश अडवून धरतं. थंडी त्याच्याही खाली उतरणार असेल तर आत उष्णता लागते. जुन्या धाटणीच्या, तारेतल्या पिवळ्या बल्बांची माळ खोडाभोवती आणि शेंड्याजवळ सैल गुंडाळावी. ७ वॅटचे २५ बल्ब म्हणजे १७५ वॅट, आणि मीटरभर उंचीच्या झाकलेल्या झाडाला तेवढं पुरतं. एलईडी माळेचा उपयोग नाही, ती उजेड देते, उष्णता नगण्य. बल्ब कापडाला किंवा पेंढ्याला टेकता कामा नये, आग लागते. म्हणून ज्या झाडाला बल्ब त्याला पेंढा नाही. जोडणी बाहेरच्या वापराची, आरसीसीबीमागे, म्हणजे वीजगळती होताच पुरवठा तोडणाऱ्या स्विचमागे. मधे थर्मोस्टॅटचा प्लग असावा, २ अंशांना चालू, ७ ला बंद. सतत चालू ठेवलं तर आत कोंब जागा होतो, कोवळी वाढ धरतो आणि वीज गेलेल्या पहिल्याच रात्री मरतो.

किमान-कमाल थर्मामीटरचं टोक कापडाच्या आत, सुईच्या बुडाशी टेकवावं. बाहेरचा आकडा त्या ठिकाणचं काही सांगत नाही.

लाट ओसरली आणि दुपारी ५ अंशांच्या वर ऊन आलं की कापडाचं तोंड उघडावं, आतली ओल जाऊ द्यावी, सुईभोवतालचं ओलं काही दिसलं तर टिपून घ्यावं. झावळ्यांवर साठलेला बर्फ झटकू नये. गोठलेला देठ काचेसारखा मोडतो, आणि तो कोरडा बर्फ तसा पांघरुणाचं कामच करत असतो. फक्त शेंड्याच्या पेल्यात उतरलेला बर्फ, वितळायच्या आत, मऊ कुंच्याने बाहेर काढावा.