काकांनी पदरची घातलेली दोन पावलं

मेंदूच्या उजव्या भागात रक्ताची गुठळी अडकली आणि माझी डावी बाजू लुळी पडली. पुनर्वसन केंद्रात रोजची सुरुवात आरशापुढे व्हायची. फिजिओताई म्हणायच्या, "हसा." ओठांचा उजवा कोपरा वर जायचा, डावा जागचा हलायचा नाही. घरचे "होईल हळूहळू" म्हणत नजर दुसरीकडे वळवायचे. ते जास्त लागायचं.

चालायचा सराव करायच्या दोन समांतर दांड्या, म्हणजे पॅरलल बार, त्यांच्या टोकाला एक काका व्हीलचेअरवर बसलेले असायचे. त्यांना अफेजिया होता, म्हणजे मेंदूला इजा झाल्याने भाषा अडण्याचा आजार. आमचं बोलणं बरंचसं कळायचं, पण तहान लागली तरी 'पाणी' हा शब्द काही केल्या सापडायचा नाही. आकडे मात्र ओळीने यायचे. मधलाच एखादा विचारला की अडायचे, एकपासून सुरुवात करावी लागायची. पाठ झालेले आकडे, वार, गाणी अशा आजारात पुष्कळदा शाबूत राहतात, असं स्पीच थेरपिस्टनी सांगितलं होतं.

मग काका माझी पावलं मोजायला लागले. एके दिवशी आठव्या पावलाला गुडघा दगा देऊन गेला. मी दांडी घट्ट धरली, रडू अगदी घशाशी आलं होतं. काका एका दमात म्हणाले, "आठ-नऊ-दहा!" आणि अंगठा वर केला. दोन पावलं त्यांनी पदरची घातली होती! अख्खा हॉल हसला, मीही हसले. "अहो, आरशात बघा!" फिजिओताई ओरडल्या. ओठांचे दोन्ही कोपरे वर गेले होते.

ठरवून हसायचा आणि आपसूक हसू फुटायचा मेंदूतला रस्ता वेगळा असतो, हे त्या दिवशी कळलं. पहिला अडला तरी दुसरा मोकळा राहू शकतो. मी तर ती बाजू गेलीच असं धरून चालले होते.

आमच्यातल्या एका ताईंना मात्र दुःखाच्या गोष्टीतही हसू फुटायचं, ते आवरता यायचं नाही. तोही आजाराचाच भाग. त्यांनी हात वर केला की 'हे माझं हसू नाही' अशी खूण ठरली होती. मग कुणी हसायचं नाही, ते ओसरेपर्यंत थांबायचं. आमच्या हॉलमधला हा नियम मला सगळ्यात मोलाचा वाटतो.

पुढे काका बारमध्ये उभे राहिले तेव्हा मोजायला मी होते. सहाव्या पावलाला ते थांबले. मी लगेच म्हटलं, "सहा-सात-आठ!"

काकांनी जोरात मान हलवली.

"सहाच," ते म्हणाले. एकपासून न मोजता.