बेचाळिसाव्या वर्षी बाप्तिस्मा

आमच्या साताऱ्याच्या ख्रिस्ती मंडळीत महिन्याच्या पहिल्या रविवारी प्रभुभोजन, म्हणजे ख्रिस्ताच्या शेवटच्या जेवणाची आठवण, असतं. भाकरीच्या बारीक तुकड्यांची थाळी येते, मागोमाग द्राक्षरसाच्या चिमुकल्या ग्लासांचा ट्रे. वीस-बावीस वर्षं मी दोन्ही नुसतं शेजारच्याच्या हातात देत आलो. बाप्तिस्मा झाला नव्हता ना.

कारण घरातलंच. आई मिरजेची. डॉ. वानलेस यांनी १८९४ साली सुरू केलेल्या मिशन हॉस्पिटलात नर्सिंग शिकलेली. तिच्या माहेरी तान्ह्या बाळाच्या डोक्यावर पाणी घालून बाप्तिस्मा द्यायची रीत. वडील वाढले ते जाणत्या माणसालाच, तेही पूर्ण बुडवून बाप्तिस्मा देणाऱ्या मंडळीत. "पोराला कळायला लागलं की त्याचं तो ठरवंल," असं त्यांनी मी पोटात असतानाच सांगून टाकलेलं. माझं मोटर रिवायंडिंगचं दुकान आहे. वडील तिथं बसून म्हणायचे, "वाइंडिंग वार्निशमध्ये बुडवतोस ना? वरून चार थेंब टाकून भागतं का?" मी हसायचो. ठरवायचं मात्र राहूनच गेलं. दोघंही गेले.

गेल्या वर्षी मुलगी दृढीकरणाच्या, म्हणजे तान्हेपणी झालेल्या बाप्तिस्म्याला मोठेपणी स्वतः हो म्हणायच्या विधीच्या, वर्गाला जायला लागली. एका रविवारी मी ट्रे तिच्या आईकडं सरकवला तेव्हा हळूच म्हणाली, "पप्पा, तुम्ही कधी घेणार?" त्याच आठवड्यात पाळकसाहेबांकडं, आमच्या मंडळीच्या धर्मगुरूंकडं, गेलो.

गेलो तोही वाद घालतच. म्हटलं, कवी रेव्हरंड ना. वा. टिळकांनी शेवटच्या काळात इथंच साताऱ्यात 'देवाचा दरबार' काढला, त्यात बाप्तिस्मा झालेले आणि न झालेले दोघंही ख्रिस्ताचे शिष्य म्हणून चालणार होते. मग माझं काय अडलंय? पाळकसाहेबांनी चहा पुढं केला. "टिळकांनी स्वतः १८९५ ला मुंबईत बाप्तिस्मा घेतला. घरदार तुटलं तरी घेतला. दार दुसऱ्यांसाठी उघडं ठेवलं, स्वतः उंबऱ्यावर बसून नाही राहिले." यावर माझ्याकडं उत्तर नव्हतं.

मग दर गुरुवारी संध्याकाळी बसायचो. रोमकरांस पत्राचा सहावा अध्याय आम्ही तीन गुरुवार वाचला. पाण्यात जाणं म्हणजे ख्रिस्ताबरोबर पुरलं जाणं, वर येणं म्हणजे नवं जगणं. मला आजवर बाप्तिस्मा म्हणजे आंघोळीसारखं, पाप धुणं एवढंच वाटायचं. पुरलं जाणं हे जड आहे. धुतलेला माणूस तोच राहतो, पुरलेला राहत नाही. बुडवायचं की ओतायचं, हा वडिलांचा मुद्दाही काढला. मूळ ग्रीक शब्दाचा अर्थ बुडवणं, हे खरं. पण मंडळीच्या अगदी आरंभीच्या काळातल्या एका नियमावलीत लिहिलंय की वाहतं पाणी उत्तम, ते नसेल तर दुसरं चालेल, आणि पुरेसं नसेल तर डोक्यावर तीनदा ओता. १९७० साली नागपुरात वेगवेगळ्या मंडळ्या एकत्र येऊन आमचं सी.एन.आय., म्हणजे चर्च ऑफ नॉर्थ इंडिया, झालं तेव्हा बुडवून बाप्तिस्मा देणारे बाप्टिस्टही त्यात आले, म्हणून आमच्याकडं दोन्ही पद्धती चालतात. मी मनात ठरवलं, बुडूनच घ्यायचा, माहुलीला कृष्णेत. वडिलांसाठी.

फॉर्म भरताना पाळकसाहेब म्हणाले, "आधी झालेला नाही ना, एकदा घरातल्या कुणा मोठ्याला विचारा. बाप्तिस्मा एकदाच असतो." मोठं माणूस म्हणजे मिरजेची मावशी. फोनवर ती बराच वेळ गप्प. मग म्हणाली, "तू ये इकडं."

कराडमार्गे एसटीनं गेलो. साठी ओलांडलेली मावशी पदर सावरत माझ्यासोबत चर्चमध्ये आली. सेक्रेटरींनी कपाटातून रजिस्टर काढलं, डांबराच्या गोळ्यांचा वास सुटला. १९८१ ची पानं दोनदा चाळली, माझं नाव नाही. "शाळेतलं नाव बघू नका," मावशी म्हणाली आणि माझं पाळण्यातलं नाव सांगितलं. सापडलं. निळी शाई विटलेली. जन्मतारीख, बाप्तिस्म्याची तारीख, आईचं नाव, आणि धर्ममाता म्हणून मावशीची अठरा-वीस वर्षांच्या पोरीची गोल सही. वडिलांच्या सहीची जागा कोरी. बाळंतपणाला माहेरी आलेल्या आईनं तिसऱ्या महिन्यात, साताऱ्याला परतायच्या आधीच्या रविवारी, उरकून टाकलं होतं. आणि जन्मभर कुणाला बोलली नव्हती.

खरं सांगतो, राग आला. दर महिन्याला शेजारी बसून ती मला ट्रे पुढं सरकवताना बघत होती! नवऱ्याला दुखवायचं नाही म्हणून? की मीच एक दिवस विचारीन म्हणून? मावशीलाही माहीत नाही.

पाळकसाहेबांशी पुन्हा भांडलो. "मला कळतही नव्हतं, तो कसला बाप्तिस्मा? मला परत द्या." ते म्हणाले, "नाही देता येणार. पित्याच्या, पुत्राच्या आणि पवित्र आत्म्याच्या नावानं पाणी पडलंय, ते पडलंय. तुम्हाला कळत नव्हतं, देवाला कळत होतं. आता त्याला हो म्हणायचं काम तेवढं उरलंय, आणि ते तुमच्या वडिलांना हवं तसं, समजून उमजून करा." पटायला दोन आठवडे लागले. माहुलीचं मात्र अजून मनात येतं.

हो म्हणायचं म्हणजे दृढीकरण. दहा-बारा पोरापोरींच्या रांगेत मी, पुढं माझी मुलगी. "पापाचा पश्चात्ताप करता का?" या प्रश्नाला पोरांनी खणखणीत उत्तर दिलं. माझं तोंड उघडेपर्यंत भावाशी दुकानाच्या जागेवरून चाललेला अबोला आठवला. "करतो" म्हटलं, पण हळू. डोक्यावर हात पडला तेव्हा पाळकसाहेबांच्या अंगठीचा गारवा जाणवला.

ट्रे आला. द्राक्षरस एका घोटाचाही नव्हता. रिकामा ग्लास कुठं ठेवतात ते मला माहीत नव्हतं. मुलीनं माझ्या हातातून घेतला आणि पुढच्या बाकाच्या फळीतल्या गोल भोकात बसवला.