जखमीचं मनोगत

जानेवारी उजाडला की आमच्या घरात दोन प्रकारची कणीक मळली जाते. एक पोळ्यांची, दुसरी आमच्या बचाव स्पर्धेतल्या खोट्या जखमांची. जखमांच्या कणकेत मीठ जास्त घालायचं, म्हणजे ती दोन दिवस आंबत नाही, आणि चिमूटभर नाचणीचं पीठ घालायचं, म्हणजे रंग आपल्याकडच्या कातडीच्या जवळ जातो. व्हॅसलीनचा हात लावून ती नडगीवर थापायची, चमच्याच्या दांड्यानं चीर पाडायची, चिरेत खडूचा तुकडा खोचायचा. ते हाड. वरून ग्लिसरीनमध्ये कालवलेला खाण्याचा लाल रंग. सुरुवातीची दोन वर्षं मी रक्तासाठी काकवी वापरत होते. दुसऱ्या वर्षी कड्याखाली पडून असलेल्या एका मुलाच्या पायाला मुंग्या लागल्या आणि तो पोर चाळीस मिनिटं निमूट सोसत राहिला, कारण त्याच्या चिठ्ठीवर ‘बेशुद्ध’ लिहिलेलं होतं. तेव्हापासून काकवी बंद. त्या मुलाची मी तेव्हा माफी मागितली, आजही मागते.

आमचं मंडळ जुन्नरचं, डोंगरात फिरणाऱ्यांचं. दर जानेवारीत एका शनिवार-रविवारी नाणेघाटाच्या पठारावर, घाटघरच्या शिवारात, जीवधनच्या सावलीत आम्ही शोध आणि बचाव पथकांची स्पर्धा भरवतो. लोणावळा, महाड, नाशिक, सातारा, कोल्हापूर अशा ठिकाणांहून संघ येतात. भात निघून खाचरं मोकळी झालेली असतात, त्यातच तंबू लागतात. जुन्नरकराला डोंगर काही नवा नाही. सातवाहनांच्या काळापासून इथून कोकणात माल उतरायचा, घाटमाथ्यावरचा दगडी रांजण अजून तिथंच आहे. पण डोंगर पाठ असणं वेगळं आणि डोंगरातून माणूस नीट खाली आणणं वेगळं, हे आम्हाला 2014 साली कळलं. 30 जुलैला शेजारच्या आंबेगाव तालुक्यात माळीणवर डोंगर आला. दीडशेवर माणसं गेली. आमच्यातले काही त्या चिखलात उभे होते. हातात फावडी होती, मनात तळमळ होती, पण कुठं पाय ठेवायचा, कुठं थांबून कान द्यायचा, ते कोणाला ठाऊक नव्हतं. परत आल्यावर कितीतरी दिवस मंडळाच्या खोलीत कोणी मोठ्यानं बोललं नाही. स्पर्धा त्या शांततेतून निघाली. पुढं 19 जुलै 2023 च्या रात्री रायगड जिल्ह्यातल्या इर्शाळवाडीवर दरड आली. पावसाअंधारात, गाडी जात नाही अशा वाटेनं बचावाला माणसं चढली, त्यांत गिर्यारोहकही होते. ती बातमी ऐकली तेव्हा आमच्या खेळाची गरज कोणाला समजावून सांगायला नको झाली.

उद्घाटनाचं काय सांगायचं? शिवनेरी डोळ्यांसमोर ठेवून वाढलेलो आम्ही, महाराजांना हार घातल्याशिवाय काही सुरू होत नाही. दीपप्रज्वलन, नारळ, पाहुण्यांना शाल, वेळेपेक्षा थोडी लांबलेली भाषणं. ते सगळं होतं.

खरी स्पर्धा त्याआधी आठ दिवस सुरू झालेली असते. कडा निवडण्यापासून. दोर टाकायला कातळ चांगला असून भागत नाही, आग्या मोहोळ नसावं लागतं. सह्याद्रीत पडून जायबंदी होणाऱ्यांच्या गोष्टी सगळे सांगतात, पण मोहोळ उठलं की वर दोराला लटकलेला माणूस पळू शकत नाही, ही धास्ती आमच्या दोरवाल्यांना जास्त असते. म्हणून आठ दिवस आधी आणि परत शुक्रवारी दुर्बीण लावून कडा पाहायचा. जवळपास शेकोटी नाही, अत्तर नाही, आरडाओरडा नाही. मग दोर तपासायचे. प्रत्येक दोर हाताखालून इंच इंच सरकवायचा, कुठं मऊ लागला, कुठं गाठ आल्यासारखा लागला, तर तो बाजूला. त्याचा पुन्हा भरवसा धरायचा नाही, कितीही महागाचा असो. कॅराबिनरची, म्हणजे दोर अडकवायच्या कडीची, स्क्रू फिरते का, पुलीचं चाक अडतं का, स्ट्रेचरचे पट्टे कुठं उसवलेत का. हे काम दोन भाऊ करतात, दोघांचीही मोटार रिवाइंडिंगची दुकानं आहेत आणि बोटांना तारेची सवय आहे. त्यांनी ‘चालेल’ म्हटलेला दोर मी डोळे मिटून माझ्या मुलाच्या कमरेला बांधीन.

रात्रीच्या शोधाची आखणी वेगळी. दोन ‘हरवलेले’ रानात लपवायचे आणि संघांनी पहाटेपर्यंत शोधायचे. पण हा बिबट्याचा मुलूख. लपणारा कधीच एकटा बसत नाही. त्याच्यासोबत घाटघरचा एक जाणता माणूस, काठी, घोंगडी आणि वॉकी-टॉकी. शोधणारे चौघांपेक्षा कमी नाहीत, बोलत बोलतच चालायचं. शिट्टीचा नियमही पहिल्यांदा घोटून घेतो. मदत मागणाऱ्यानं मिनिटात सहा वेळा, उत्तर देणाऱ्यानं तीन वेळा. बाहेरून येणाऱ्या संघांना सुरुवातीला वाटतं, आम्ही बिबट्याचा बाऊ करतो. पहिल्या रात्री ओढ्याच्या ओल्या मातीत ठसे दिसले की तेही मोठ्यानं बोलायला लागतात.

या सगळ्यात माझं काम म्हणजे जखमी. माणसं मिळवायची, प्रत्येकाला चिठ्ठी द्यायची. वय काय, कसे पडलात, कुठं दुखतंय, कोणी विचारलं तरच काय सांगायचं, किती वेळानं बोलणं अडखळायचं. ओरडणारा एक आणि गप्प पडलेला एक, अशी जोडी मी नेहमी ठेवते. नवखे संघ ओरडणाऱ्याकडे धावतात. ओरडतोय म्हणजे त्याचा श्वास चालू आहे, आधी गप्प माणसाकडे जायचं, हे दर वर्षी कोणीतरी इथंच शिकून जातं. आणखी एक शब्द ठरलेला असतो, ‘खरंच’. जखमीनं ‘खरंच थांबा’ म्हटलं की स्पर्धा तिथल्या तिथं थांबते. तो शब्द एकदाच वापरला गेलाय. पट्ट्याची बकल गुडघ्याच्या वाटीवर आवळली गेली होती आणि स्ट्रेचर अर्ध्या कड्यावर होतं. संघानं दोन मिनिटांत जखमीला खालच्या टप्प्यावर टेकवलं. त्या संघाचे गुण आम्ही कापले नाहीत.

ज्याच्यासाठी मी अजून दमत नाही, ती गोष्ट रविवारी दुपारी चार वाजता होते. जखमींचं मनोगत. परीक्षकांचं बोलून झालं की, दिवसभर स्ट्रेचरवर पडलेली माणसं एकेक करून उठतात आणि त्यांना काय वाटलं ते सांगतात. गुण नाहीत, टीका नाही. तोंडावरची पांढरी पावडर बहुतेकांची तशीच असते.

पहिल्यांदा कोण बोललं ते मला लख्ख आठवतं. अकरावीतली मुलगी, मांडीचं हाड मोडलेली, माझ्याच हातची जखम. ती म्हणाली, “माझ्याभोवती सात जण होते. सगळे एकमेकांशी बोलत होते. माझ्याशी कोणीच बोललं नाही. मला फक्त आभाळ आणि हेल्मेटं दिसत होती.” एवढं बोलून ती खाली बसली. त्या संघाचं काम चोख होतं. गाठी बिनचूक, वेळ सगळ्यांत कमी. संघाचा म्होरक्या, कातळावर वाढलेला गडी, मान खाली घालून बसला होता. पुढच्या वर्षी परीक्षकांनी एक नवा रकाना घातला, जखमीच्या डोक्याशी शेवटपर्यंत कोण होतं.

मग एका वर्षी एसटीचे निवृत्त चालक, ज्यांना सगळे दादा म्हणतात, कड्यावरून स्ट्रेचरमध्ये उतरले. वय बासष्ट, वजन चांगलं भरलेलं. आम्ही मुद्दाम त्यांना घेतलं होतं, कारण डोंगरात पडणारी सगळीच माणसं कॉलेजातली सडपातळ पोरं नसतात. दादा म्हणाले, “तीस वर्षं माळशेजात गाडी चालवली. मागं बसलेल्याच्या पोटात काय होतं, ते आज कळलं.” एवढंच.

पण ज्या मनोगतानं आमची स्पर्धा बदलली, ते घाटघरच्या एका आजींचं. हिरडा गोळा करायला रानात जाणाऱ्या, काटक. त्यांनीच हट्ट धरला, मला पण जखमी करा. आम्ही घाबरलो. शेवटी ठरलं, कडा नाही, फक्त पठारावरून ओढ्यापर्यंत, तेही दोन बांबू आणि घोंगडीच्या झोळीतून. गावातले लोक पिढ्यानपिढ्या असंच माणूस नेत आलेत. दुपारी आजी बोलायला उभ्या राहिल्या, माइक त्यांनी हातात घेतलाच नाही. म्हणाल्या, “पयल्या बाळंतपणाला मला अशीच नेली व्हती. रात्र व्हती, पाऊस व्हता. माझा सासरा फुडं चालत सारखा सांगत व्हता, पोरी, आता वळण आलं, आता वढा आला, आता थोडं वर हाय, आता रस्ता दिसाया लागला. मला कायबी दिसत नव्हतं, पर त्याचं ऐकू येत व्हतं. म्हनून मी भ्याले न्हाई. आज ह्या पोरांनी मला लई जपून नेलं. पर कुणी सांगितलं न्हाई, वढा आला म्हनून.”

खाचरात दोनशे माणसं बसली होती. कोणी टाळी वाजवली नाही. ती वाजवायची जागाच नव्हती. मी तिथं मागं उभी होते, हातांना लाल रंग लागलेला, आणि तोंडावरून हात फिरवू की नको हे मला कळत नव्हतं.

आता आमच्याकडे आलेला कुठलाही संघ पाहा. स्ट्रेचर उचललं की डोक्याशी असलेला माणूस बोलायला लागतो. आता उचलतोय. आता डावीकडं कलेल. आता ओढा आला. बाहेरच्या जिल्ह्यांतल्या मुलांना ही सवय कुठून आली ते ठाऊक नसतं. आम्हाला ठाऊक आहे. आजी गेल्या पावसाळ्याआधी गेल्या.

म्हणूनच एक गोष्ट मला खुपते आणि ती मी इथं लिहिणार आहे. काही संघ रविवारचं जेवण झालं की गाड्या काढायचे. नारायणगावच्या चौकात गर्दी होते, उशीर होतो, अशी कारणं. ज्या वर्षी आजी बोलल्या, त्या वर्षी तीन संघ निघून गेले होते. त्यानंतर मी कार्यकारिणीत भांडून निकाल मनोगतानंतर ठेवायला लावला. चषकासाठी का होईना, बसतात. दुसरी खंत गुरुवारची. ग्रुपवर दीडशेच्या आसपास सभासद, निरोप टाकला की अंगठ्यांची रांग लागते. गुरुवारी सकाळी ट्रक भरायला मागच्या खेपेला सहा जण होतो. शनिवारी मात्र टी-शर्ट कमी पडले. मी नावं घेत नाही, त्यांची त्यांना ठाऊक आहेत.

आता ज्यांच्याशिवाय काहीच झालं नसतं, त्यांच्याबद्दल. कोणी राहिलं तर मला रात्रभर झोप येत नाही, म्हणून दोनदा वाचून लिहितेय. स्वतःचं खाचर दर वर्षी देणारे आणि भाड्याचा विषय काढला की उठून जाणारे घाटघरचे दोघे भाऊबंद. सरपंचताई. वनविभागाच्या परवानगीसाठी दर डिसेंबरात चार-चार फेऱ्या मारणारे आमचे खजिनदार. पोलीस ठाण्यात पत्र पोचवणारी त्यांची मुलगी. 108 च्या गाडीवरचे डॉक्टर आणि चालक, जे दोन दिवस सावलीत गाडी लावून बसतात आणि देवाच्या दयेनं त्यांना काम पडत नाही. पाण्याचा टँकर वर चढवणारा तो ट्रॅक्टरवाला. शनिवारी रात्री मासवडी आणि रस्सा करणाऱ्या बचत गटाच्या बायका, अकरा जणी. एकदा आठ लिहिलं होतं, त्यावर मला चांगलंच सुनावलं गेलं. भाकऱ्यांचं पीठ पहाटे दळून देणारे गिरणीवाले काका. मंडप उसना देणारे मंडपवाले आणि त्याच्या दोऱ्या सोडवून घड्या घालणारी आठवीची मुलं. शौचालयांची सफाई स्वतः करणारे आमचे प्राचार्य सर. त्यांच्याबद्दल जास्त लिहिलेलं त्यांना आवडत नाही. कड्यावर मध्यरात्री थंडीत बसून खुणेचे दिवे सांभाळणारे पाच जण. वॉकी-टॉकीच्या बॅटऱ्या चार्ज करून देणारे मोबाईल दुकानवाले. स्पर्धा संपल्यावर सोमवारी कचरा वेचायला परत येणारे दोघे नवरा-बायको, ज्यांचं लग्न याच स्पर्धेत ओळख होऊन जमलं. घाटघरचे ते जाणते, जे हरवलेल्यांसोबत रात्रभर बसले आणि सकाळी कोणाला न सांगता गुरं सोडायला गेले. आणि माझ्या घरची मंडळी, ज्यांनी आठवडाभर फ्रिजमध्ये डब्यातले खोटे घोटे आणि मनगटं सहन केली.

यंदाच्या यादीत अकरा जखमी हवेत, नऊ जमलेत. साठीच्या पुढचं एक माणूस आणि एक दहा-बारा वर्षांचं मूल अजून हवं, आई-बाबांच्या लेखी परवानगीसह. ट्रक गुरुवारी सकाळी सात वाजता जुन्या बाजारपेठेतून निघेल. मंडपाच्या लोखंडी नळ्या जड आहेत, सहा जणांना पुरत नाहीत.